एकट्याचा व्यवसाय आणि दोन वह्या

निवासी शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याने सरकारी नोकरी मिळवावी, हीच आम्हा शिक्षकांची वर्षानुवर्षांची शिकवण राहिली. तीत काही गैर नव्हते. नोकरीनेच आपल्या अनेक घरांत पहिल्यांदा स्थैर्य आले. परंतु नोकऱ्यांच्या जागा आक्रसत गेल्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातील चेहरेही बदलले. मोबाइल दुरुस्त करणारा, शिवणकाम करणारी, झेरॉक्सचे दुकान चालवणारा, मोटारी भरणारा असे कितीतरी जण आज एकट्याच्या बळावर व्यवसाय करीत आहेत. दुकानाचा मालक तोच, कारागीर तोच, हिशेबनीस तोच आणि झाडलोट करणाराही तोच. या मुलांना आपण नेमके काय शिकवून पाठवले, असा प्रश्न स्वतःला विचारला की मला संकोच वाटतो.

एकट्याने व्यवसाय करण्याचा आपला इतिहास लहान असला तरी बोलका आहे. 1917 मध्ये बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत शेअर व रोख्यांच्या व्यवहाराबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. अर्थशास्त्रातील त्यांच्या अधिकाराविषयी शंका घेण्यास जागाच नव्हती. आरंभी व्यवसाय बरा चाललाही; पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक येईनासे झाले आणि तो बंद करावा लागला. पुढे नोव्हेंबर 1918 मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी छत्रपती शाहू महाराजांच्या पाठबळाने चहाचे हॉटेल काढले, तेव्हा त्यांच्या हातचा चहा घेण्यास कोणी धजेना. मग महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेऊ लागले आणि इतरांचा मार्ग मोकळा झाला. कौशल्य असूनही बाजाराचे दार कसे बंद होते, हे या दोन घटना सांगतात. ते दार आजही सर्वत्र पुरते उघडलेले नाही. दुकानाच्या पाटीवर आडनाव लिहावे की नाही, हा विचार आपल्या मुलांना अजून करावा लागतो.

मात्र दार उघडल्यानंतरही काही दुकाने आतूनच बंद पडतात. त्याचे कारण मला एका माजी विद्यार्थ्यामुळे समजले. तालुक्याच्या गावी विजेच्या मोटारी भरण्याचे त्याचे दुकान होते. हात कुशल आणि शब्दाला पक्का. उन्हाळ्यात विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींची रांग त्याच्या दारात लागे. तरीही चौथ्या वर्षी दुकानाला कुलूप लावून तो कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून गेला. दिवाळीच्या सुटीत तो घरी आला असता आम्ही दोघांनी त्याच्या जुन्या चिठ्ठ्या आणि बिले जुळवली. काम कधीच कमी पडले नव्हते. दुकानाचा पैसा आणि घरचा पैसा एकाच खिशात राहत होता, आणि त्या खिशाने त्याला चार वर्षे फसवले होते.

हे उदाहरणाने पाहू. समजा, एक मोटार भरण्याचे 6,000 रुपये मिळतात. तांब्याची तार, इन्सुलेशनचा कागद, वार्निश, बेअरिंग यांना 3,800 रुपये लागले. भाडे, वीज व वाहतूक यांचे 500 रुपये धरले. उरले 1,700. काम दोन दिवसांचे. त्याच कामाला बाहेर कारागिराची रोजी 600 रुपये असेल, तर दोन दिवसांचे 1,200 रुपये ही त्याची मजुरी झाली आणि धंद्याचा नफा केवळ 500 रुपये. खिशात मात्र 6,000 दिसतात आणि माणूस त्या 6,000 च्या हिशेबाने खर्च करतो.

आता उधारी पाहू. शेतकरी म्हणतो, सुगीवर देतो. त्याची अडचण खरी असते आणि तो बहुधा ओळखीचा, नात्यातलाही असतो. पाच मोटारींपैकी एकीचे पैसे बुडाले, तर हाती येतात 24,000 रुपये आणि पाचही मोटारींचा खर्च होतो 21,500 रुपये. दहा दिवस राबून उरतात 2,500 रुपये, म्हणजे दिवसाला 250. शेतमजुराचीही रोजी यापेक्षा अधिक असते. म्हणून साहित्याची रक्कम आधी घ्यावी आणि उधारी ठेवायचीच असेल तर केवळ मजुरीची ठेवावी. हा नियम भिंतीवर लिहून लावला की नातेवाइकाला तोंडाने नकार देण्याची वेळ येत नाही.

तिसरी अडचण हंगामाची. उन्हाळ्यात रात्रभर काम आणि पावसाळ्यात रिकामे हात. भरतीच्या महिन्यातली मिळकत हीच कायमची मिळकत समजून मोटारसायकलचा हप्ता बांधून घेतला की ओहोटीच्या महिन्यात तारेचे भांडवल हप्त्यात जाते. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायात आणि चौथा भाग आपत्काळासाठी. आजच्या महागाईत प्रमाण थोडे बदलेल; पण व्यवसायाचा वाटा आणि आपत्काळाचा वाटा घरखर्चापासून वेगळा ठेवावा, हे सूत्र जसेच्या तसे लागू पडते.

चौथी अडचण शरीराची. एकट्याचे दुकान म्हणजे एका शरीराचे दुकान. त्या मुलाला टायफॉइड झाला तेव्हा तीन आठवडे दुकान बंद राहिले आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळले. आठवड्याची सुटी आणि ठरलेली वेळ या गोष्टी चैनीच्या नसून यंत्राला तेल देण्यासारख्या आहेत. कायद्यानेही हा धोका ओळखला आहे. साध्या एकल मालकीत मालक आणि धंदा कायद्याच्या दृष्टीने एकच असतात. धंद्याचे कर्ज मालकाच्या घरादारापर्यंत पोहोचू शकते. 2013 च्या कंपनी कायद्याने एका व्यक्तीच्या कंपनीची सोय केली. तिचे अस्तित्व मालकापासून वेगळे मानले जाते आणि मालकाच्या पश्चात किंवा तो असमर्थ झाल्यास सभासद कोण होईल, त्याचे नाव आधीच द्यावे लागते. लहान दुकानाला कंपनी काढण्याची गरज नाही. परंतु ‘मी उद्या आलो नाही तर काय?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यानेही लिहून ठेवले पाहिजे. शेजारच्या गावातील समव्यावसायिकाशी एकमेकांची कामे सांभाळण्याचा करार केला तरी पुष्कळ होते.

यातूनच पाचवी अडचण सुटते, ती एकटेपणाची. दर काय सांगावा, यंत्र घ्यावे की नाही, हे विचारायला कोणी नसते. त्याच सुत्तात, बेसावध असताना आपल्या मालमत्तेचे रक्षण करतो तो खरा मित्र, असे सांगितले आहे. महिन्यातून एकदा चार व्यावसायिकांनी आपापल्या वह्या घेऊन एकत्र बसावे. कर्जाची वाट अशी वही असेल तर सोपी होते. 2015 मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशू गटातील कर्ज 50,000 रुपयांपर्यंत मिळते आणि उद्यम नोंदणी विनाशुल्क होते. पण आपल्याला नेमके किती कर्ज झेपेल, हे केवळ स्वतःची वहीच सांगू शकते.

त्या मुलाने गेल्या वर्षी दुकान पुन्हा उघडले. आता त्याच्याकडे दोन वह्या आहेत, एक दुकानाची आणि एक घरची. दर शनिवारी तो दुकानाच्या वहीतून स्वतःला मजुरी देतो व घरच्या वहीत ती जमा करतो. घरात काही कमी पडले तरी दुकानाच्या गल्ल्याला हात लावीत नाही. तो यशस्वी झाला असे म्हणण्याची घाई मी करणार नाही. पहिला पावसाळा मात्र त्याने कर्ज न काढता काढला आहे.

शाळेला माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या भोजनालयाचा महिन्याचा जमाखर्च इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावा. तांदूळ किती आला, किती लागला, किती शिल्लक राहिला आणि कोणाचे देणे आहे, हे त्यांनी मांडावे व महिनाअखेरीस सर्वांसमोर वाचून दाखवावे. बाबासाहेबांच्या व्यवसायाचे दार समाजाने बंद केले होते. आपल्या मुलांनी आज कष्टाने उघडलेले दार हिशेबाअभावी बंद होऊ नये, एवढी जबाबदारी आम्हा शिक्षकांनी तरी घ्यावी.