हळदीचे पोते आणि सरहद्दीचे फाटक

वसमतच्या मोंढ्यात हळदीचे पोते ट्रकवर चढले की माल मार्गी लागला, असे आपण समजतो. परंतु तो माल बांगलादेशात जावयाचा असेल, तर खरी यातायात पुढेच असते. दीड हजारांहून अधिक किलोमीटरांचा रस्ता, डिझेल, टायर, पथकर, चालकाचा भत्ता. आणि एवढे सोसून पेट्रापोलच्या नाक्यावर पोचावे तो ट्रकांची रांग. उभ्या ट्रकाचेही भाडे पडतेच, आणि ते अखेर शेतकऱ्याच्या भावातून वळते होते. हाच माल आगगाडीने सरहद्द ओलांडील काय, आणि ओलांडली तर लाभ कोणाच्या पदरात पडेल, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेत आहोत.

सरहद्द ही हिंगोलीकरांना काही नवी नाही. वाशीमच्या वाटेवर कनेरगाव नाका लागते. एके काळी अलीकडे निजामाचा मुलूख होता, पलीकडे वऱ्हाड. आणि निजामी राज्याची जकात, म्हणजे करोडगिरी, निराळी होती. पूर्णेहून निघालेला लोहमार्गही हिंगोलीस येऊन थांबे. पुढे खांडव्यापर्यंतचा दुवा जोडला गेला तो स्वातंत्र्यानंतर. तरीही एक सरहद्द उरलीच, ती रुळांच्या रुंदीची. आपला मार्ग मीटरगेज, आणि अकोल्यावरून जाणारा मुंबई-हावडा मार्ग १,६७६ मिलिमीटर रुंदीचा. म्हणून एका वाघिणीतला माल हमालांनी उतरवायचा आणि दुसरीत भरायचा. २००८ साली पूर्णा-अकोला मार्ग रुंद झाला, तेव्हा ही अडचण सरली.

बांगलादेशाच्या बाबतीत सुदैव असे की, सरहद्दीलगतच्या पश्चिम भागात तेथील मुख्य लोहमार्गही याच रुंदीचे आहेत. पोलंड-बेलारूस सीमेवर ब्रेस्टजवळ रुळांची रुंदी बदलते; तेथे माल तरी बदलावा लागतो किंवा चाके तरी. आपल्याकडे गेदे-दर्शना किंवा पेट्रापोल-बेनापोल या फाटकांतून तीच वाघीण सरळ पलीकडे जाऊ शकते.

रेल्वे स्वस्त का पडते, हेही समजून घेऊ. पोलादी रुळावर पोलादी चाक फिरताना होणारा अवरोध डांबरी रस्त्यावरच्या रबरी टायरापेक्षा कितीतरी कमी असतो. म्हणून तेवढ्याच इंधनात अधिक भार ओढला जातो. बेचाळीस बंद वाघिणींची एक मालगाडी सुमारे अडीच हजार टन धान्य नेते. त्याच मालाला पंचवीस टनी शंभर ट्रक लागतील. म्हणजे शंभर चालक, आणि नाक्यावर शंभर वाहनांचे कागद.

मग अडते कोठे? अडते ते माल जमवण्यात. याचा चांगला धडा गुंटूरच्या मिरचीने घालून दिला. २०२० च्या टाळेबंदीत रस्ता बंद पडला, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांना मालगाडी मिळत होती. पण एका खेपेस दीड हजार टनांहून अधिक मिरची लागे, आणि लहान व्यापारी व शेतकरी तेवढी आणणार कोठून? तेव्हा जुलैमध्ये दक्षिण मध्य रेल्वेने, म्हणजे ज्या रेल्वेत आपले हिंगोली मोडते तिनेच, रेड्डीपालेमहून बेनापोलपर्यंत सोळा पार्सल डब्यांची खास गाडी सोडली. प्रत्येक डब्यात सुमारे वीस टन मिरची होती. रस्त्याने टनास सात हजार रुपये पडत. या गाडीने सुमारे ४,६०८ पडले. म्हणजे क्विंटलमागे जवळजवळ २४० रुपये वाचले.

हा हिशेब हळदीस लावून पाहू. वाळलेली हळद एकरी वीस क्विंटल धरली, तर वीस टनांचा एक डबा दहा एकरांत भरतो. सोळा डब्यांना एकशे साठ एकर पुरेत. हे एका शेतकऱ्याचे काम नव्हे. पण पाच-सात गावांना ते अशक्यही नाही. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वसमतचे स्थानक याच रुंद झालेल्या मार्गावर आहे. उणीव आहे ती एकाच दिवशी, एकाच प्रतीचा, पॉलिश करून पोत्यांत भरलेला माल स्थानकावर उभा करण्याच्या शिस्तीची. ती शेतकऱ्यांच्या संघटनेने आणली नाही, तर एखादा मोठा व्यापारी आणील. आणि मग वाचलेले २४० रुपयेही त्याच्याच गल्ल्यात जातील.

येथे दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. शेतापासून स्थानकापर्यंत आणि पलीकडच्या स्थानकापासून पेठेपर्यंत ट्रक लागणारच. रेल्वे त्याचा लांबचा पल्ला घेईल, धंदा नव्हे. दुसरी गोष्ट, सरहद्दीवरचे रूळ राजकारणाच्या हाती असतात. हल्दीबाडी-चिलाहाटी मार्ग १९६५ च्या युद्धात बंद पडला, तो १७ डिसेंबर २०२० रोजी पुन्हा सुरू झाला. २०२४ साली बांगलादेशातील उलथापालथीतही रेल्वे वाहतूक खंडित झाली. म्हणून सारा माल एकाच फाटकावर विसंबून ठेवू नये. आणि फाटक उघडे असेल त्या दिवशी आपली पोती स्थानकावर तयार असावीत, एवढी तजवीज मात्र सर्वस्वी आपल्याच हातची आहे.