पाण्यातून काढलेले लेकरू, डोक्यावर पडलेले लेकरू

घरातले पिंप भरलेले असले की गृहिणीला हायसे वाटते. नळ जातो त्याआधी बादल्या, टब, हंडे सारे भरून ठेवावे लागतात. पण वर्ष-दीड वर्षाच्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. ते बादलीत वाकले की तोल जाऊन डोक्यावरच आत पडते व त्याला बाहेर येता येत नाही. वीतभर पाणीही पुरते. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. पलीकडे भाकरी थापणाऱ्या आईलाही कळत नाही. पिंपाला घट्ट झाकण हवे आणि रिकामी बादली पालथी हवी.

मूल बाहेर काढल्यावर काय होते ते आम्ही वस्तीत पाहिले आहे. कुणी उलटे टांगतो, कुणी पोट दाबतो. पोटातले पाणी निघाले की जीव वाचला, हा समज साफ चुकीचा आहे. ते पाणी उलट श्वासनलिकेत शिरू शकते आणि वेळ जातो तो वेगळाच. प्राणवायूवाचून ४ ते ६ मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. श्वास नसेल तर मुलाला कठीण जागेवर उताणे झोपवावे, हनुवटी उचलावी, नाक चिमटीत धरून तोंडाने ५ वेळा हवा भरावी. तान्ह्याचे नाक व तोंड एकदमच आपल्या तोंडाने झाकावे. तरीही हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध ३० दाब, मग २ श्वास, असे चालू ठेवावे. दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. मूल रडू लागले तरी दवाखान्यात न्यावेच. फुप्फुसाचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

डोक्याच्या माराचे तसेच. रक्त आले नाही, पोर उठून खेळू लागले, की हळद लावून प्रकरण मिटते. पण कवटीच्या आत रक्त साठत असले तरी पहिले काही तास मूल चांगले दिसू शकते. पुन्हापुन्हा उलट्या, गुंगी, झटका, डोळ्याची एक बाहुली मोठी, कानानाकातून पाण्यासारखा स्राव, तान्ह्याची टाळू फुगणे, यातले एकही दिसले तर रात्रीचे २ वाजलेले असोत, निघावे. खाडा पडतो हे आम्हालाही ठाऊक आहे.

सुटीत उथळ पाण्यात सूर मारणाऱ्या पोराला दोन्ही संकटे एकदम गाठतात. त्याचे डोके, मान, पाठ एका रेषेत धरून बाहेर काढावे. श्वास नसेल तर मात्र श्वास देणे आधी.

किती वेळ पाण्यात होता, किती उंचीवरून पडला, शुद्ध हरपली होती का, उलट्या किती, हे डॉक्टर विचारतील. ज्याने पाहिले त्यालाच सोबत न्यावे.