विंडोज 10 चा सपोर्ट संपला : अपग्रेड करायचं, थांबायचं की जुन्यावरच भागवायचं?

लग्नसराई तोंडावर आली की अमळनेरसारख्या तालुक्याच्या गावात डीटीपीच्या दुकानातला संगणक सकाळी सुरू होतो तो रात्रीच बंद होतो. एकीकडे पत्रिका, दुसरीकडे बॅनर, मधेच कुणाचा तरी ऑनलाइन फॉर्म. नेमकं तेव्हाच स्क्रीनवर सूचना येते : विंडोज 10 चा सपोर्ट संपला आहे, पुढचा पर्याय निवडा. बहुतेक जण ती चौकट बंद करतात आणि कामाला लागतात.

संगणक चालू आहे, मग घाई कशाला, हा विचार स्वाभाविक आहे. अपग्रेड करून दहा वर्षांचे मराठी फॉन्ट उडाले किंवा अंगठ्याचं यंत्र बंद पडलं, तर त्या दिवसाचा धंदा बसतो. पण काहीच न करणं हाही एक निर्णयच आहे आणि त्याचीही किंमत आहे. ती किती, आणि तुमच्यासमोर नेमके कोणते मार्ग आहेत, ते समजून घेऊ.

नेमकं काय संपलं?

विंडोज 10 बाजारात आलं 29 जुलै 2015 रोजी. त्याचा मोफत सपोर्ट मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला. याचा अर्थ संगणक बंद पडेल असा नाही. फाइल उघडतील, प्रिंट निघेल, इंटरनेटही चालेल. बंद झाली ती दर महिन्याला येणारी सुरक्षेची दुरुस्ती, म्हणजे सिक्युरिटी अपडेट.

विंडोजमधला व्हायरस ओळखणारा 'डिफेंडर' ऑक्टोबर 2028 पर्यंत नव्या व्हायरसची माहिती घेत राहणार आहे. पण डिफेंडर म्हणजे दारावरचा राखणदार. भिंतीलाच भगदाड असेल तर ते बुजवण्याचं काम अपडेट करतं, राखणदार नव्हे.

चालतंय की! मग धोका कशाचा?

विंडोज 10 आणि 11 मध्ये बराचसा कोड सारखाच आहे. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोज 11 साठी दुरुस्त्या देते. दुरुस्ती कुठे झाली हे पाहून जुन्या विंडोजमध्ये तीच फट शोधणं हॅकर्सना सोपं जातं. म्हणजे नव्या विंडोजचं प्रत्येक अपडेट जुन्या विंडोजमधली एखादी फट उघड करू शकतं.

याचं उदाहरण महाराष्ट्राने पाहिलं आहे. विंडोजमधल्या एका त्रुटीची दुरुस्ती 14 मार्च 2017 रोजी आली होती. ती न घेतलेल्या संगणकांवर 12 मेपासून 'वॉनाक्राय' हल्ला झाला. त्यानंतर 27 जूनला 'नॉटपेट्या' आला. पसरण्यासाठी त्याने इतर मार्गांसोबत हीच त्रुटी वापरली. त्या हल्ल्यात न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाज ठप्प झालं होतं.

'ठेवून द्या, फायदाच होईल' ही गोष्ट अमळनेरला नवी नाही. 1945 मध्ये इथे सुरू झालेल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातून पुढे विप्रो उभी राहिली. तिचे शेअर न विकता सांभाळणाऱ्या कुटुंबांच्या गोष्टी गावात आजही सांगितल्या जातात. पण सपोर्ट संपलेल्या विंडोजचं गणित उलटं आहे. ती जितकी जुनी होईल, तितकी तिच्यातल्या फटींची संख्या वाढत जाते.

तुमच्या संगणकावर विंडोज 11 चालेल का?

विंडोज 10 चा अस्सल परवाना असेल तर विंडोज 11 मोफत मिळतं. अडचण पैशांची नसून यंत्राची आहे. किमान अटी अशा :

• 64 बिट प्रोसेसर. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा.
• 4 जीबी रॅम आणि 64 जीबी जागा. रोजच्या कामाला मात्र 8 जीबी रॅम आणि एसएसडी असलेलं बरं.
• टीपीएम 2.0, म्हणजे पासवर्ड आणि कुलपांच्या किल्ल्या सुरक्षित ठेवणारी सोय.
• यूईएफआय आणि सिक्युअर बूट.

पिढी ओळखण्याची ढोबळ खूण प्रोसेसरच्या नावात असते. आय5-4590 म्हणजे चौथी पिढी, आय5-8400 म्हणजे आठवी, आय5-10400 म्हणजे दहावी. 2018 च्या आधी घेतलेले बहुतेक संगणक या अटीत बसत नाहीत. पक्कं उत्तर हवं असेल तर मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप चालवा.

त्या ॲपने टीपीएम नसल्याचं सांगितलं तरी लगेच निराश होऊ नका. बऱ्याच संगणकांत ही सोय असते, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर ती 'पीटीटी' आणि एएमडीच्या बोर्डावर 'एफटीपीएम' या नावाने सापडते. बायोसची सवय नसेल तर हे काम दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घ्या.

आणखी एक गोष्ट पाहा. सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट इथे 'सिस्टीम टाइप' दिसतो. तिथे 32 बिट लिहिलं असेल तर थेट अपग्रेड होत नाही. प्रोसेसर अटीत बसत असला तरी सगळं पुसून नव्यानेच विंडोज टाकावं लागतं. शिवाय विंडोज 11 ची 32 बिट आवृत्तीच नाही. त्यामुळे डॉसच्या काळातले हिशेबाचे जुने प्रोग्रॅम त्यावर थेट चालत नाहीत.

बटण दाबण्याआधी कामांची यादी करा

संगणक पात्र आहे म्हणून लगेच अपग्रेड करावं असं नाही. या संगणकावर रोज कोणती कामं होतात आणि त्यातली कोणती अडू शकतात, हे आधी कागदावर लिहून काढा.

मराठी फॉन्ट : श्री-लिपी, आयएसएम किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचे कोड साठवलेले असतात. फॉन्ट ते मराठी करून दाखवतो. फॉन्ट गेला की लग्नपत्रिकेच्या जागी अगम्य चिन्हं दिसतात. सी ड्राइव्हमधल्या 'विंडोज' फोल्डरात 'फॉन्ट्स' नावाचं फोल्डर असतं. ते आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या.

युनिकोड मराठी : यातल्या फाइलला असा धोका नाही. नव्याने विंडोज टाकल्यावर 'मंगल' फॉन्ट दिसला नाही, तर 'ऑप्शनल फीचर्स'मधून देवनागरीचे जादा फॉन्ट घेता येतात. इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक हे दोन्ही मराठी कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतात.

लॉक आणि परवाने : काही सॉफ्टवेअर यूएसबीच्या डोंगलशिवाय उघडत नाहीत. त्या डोंगलचा ड्रायव्हर विंडोज 11 साठी आहे का, हे विक्रेत्याला विचारा. टॅलीचा परवाना फॉरमॅटआधी 'सरेंडर' करून ठेवा. पेजमेकरची 7.0 ही आवृत्ती शेवटची ठरली. काम अजून त्यावरच चालत असेल तर आधी दुसऱ्या संगणकावर चाचणी घ्या.

अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सही, प्रिंटर : आधार पडताळणीचं यंत्र 'आरडी सर्व्हिस'वर चालतं आणि डिजिटल सहीच्या टोकनला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. दोन्ही उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच घ्या. जुन्या प्रिंटरसाठी आणि स्कॅनरसाठी 64 बिटचा ड्रायव्हर मिळतो का, तेही तपासा.

या यादीतल्या सगळ्या गोष्टी चालणार असतील तर अपग्रेडला हरकत नाही. एखादीच अडत असेल तर तेवढ्या कामासाठी दुसरी सोय शोधावी लागते.

संगणक पात्र नसेल तर?

पहिला मार्ग म्हणजे वाढीव मुदत. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टची ईएसयू नावाची योजना आहे. तिच्यात विंडोज 10 ला सुरक्षेच्या दुरुस्त्या 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात. त्यासाठी आवृत्ती 22एच2 असावी लागते आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. विंडोज बॅकअपमधून सेटिंग्ज खात्याशी जोडल्या तर पैसे लागत नाहीत. नाहीतर मायक्रोसॉफ्टचे 1000 रिवॉर्ड पॉइंट वापरता येतात किंवा एकदाच 30 डॉलर किंवा तितके रुपये भरता येतात. सेटिंग्जमधल्या 'विंडोज अपडेट' या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. संस्थेच्या नेटवर्कशी जोडलेल्या संगणकांसाठी वेगळी सशुल्क योजना आहे. ती जास्तीत जास्त तीन वर्षं घेता येते.

दुसरा मार्ग लिनक्स. लिनक्स मिंट किंवा उबंटू मोफत आहेत आणि जुन्या यंत्रावरही नीट चालतात. ब्राउझर, यूट्यूब, मुलांचा अभ्यास, युनिकोडमधलं मराठी टायपिंग आणि साधी पत्रं यासाठी ते पुरेसं आहे. पण पेजमेकर आणि टॅली त्यावर थेट चालत नाहीत. अंगठ्याच्या यंत्राचं आणि डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर उत्पादकाने लिनक्ससाठी दिलं असेल तरच काम होतं. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून आधी पाहता येतं, त्यासाठी हार्ड डिस्कला हात लावावा लागत नाही.

तिसरा मार्ग इंटरनेट तोडण्याचा. जुना संगणक फक्त पत्रिका जुळवायला हवा असेल तर तो विंडोज 10 वरच ठेवा, पण नेटची वायर आणि वायफाय काढून टाका. पेन ड्राइव्ह मात्र प्रत्येक वेळी तपासूनच लावा, कारण व्हायरस त्यातूनही येतो.

चौथा मार्ग नव्या संगणकाचा. जुनं यंत्र विकत घेणार असाल तर दुकानदाराला फक्त 'आय5 आहे का' असं विचारू नका. कितव्या पिढीचा आहे ते विचारा आणि पीसी हेल्थ चेक समोर चालवून घ्या.

'अट चुकवून टाकून देतो' म्हटलं तर?

अपात्र संगणकावर विंडोज 11 टाकण्याच्या युक्त्या आहेत आणि अनेकदा ते चालतंही. पण अशा संगणकाला अपडेट मिळतच राहील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज 11 होम आणि प्रो यांच्या प्रत्येक वार्षिक आवृत्तीला 24 महिनेच सपोर्ट असतो. त्यामुळे पुढच्या आवृत्तीच्या वेळी पुन्हा तीच खटपट करावी लागते. घरच्या संगणकावर हा प्रयोग ठीक आहे. जिथे लोकांच्या आधारचं आणि पैशांचं काम होतं, तिथे नको.

परवान्याशिवाय विंडोज चालवून देणारे 'ॲक्टिव्हेटर' तर टाळाच. ते चालवण्यासाठी अनेकदा अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. सुरक्षेसाठी अपग्रेड करायचं आणि त्यासाठी आधी सुरक्षाच काढायची, याला अर्थ नाही.

अपग्रेडच्या दिवशी

• बॅकअप बाहेर ठेवा. त्याच डिस्कवरचा डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क गेली की सी आणि डी दोन्ही जातात. बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि त्यातल्या दोन-चार फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.
• डेटाचा हिशेब ठेवा. डाउनलोड 5 जीबीहून मोठं असतं, मोबाइलचा रोजचा पॅक त्याला पुरत नाही. ब्रॉडबँड असलेल्या ठिकाणी 'मीडिया क्रिएशन टूल'ने किमान 8 जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करून आणता येतो. तो पेन ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, हे लक्षात ठेवा.
• वीज सांभाळा. लॅपटॉप चार्जरला लावा. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. अर्ध्यावर वीज गेली तर विंडोज सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते.
• अपग्रेड आणि फॉरमॅट यात फरक आहे. अपग्रेडमध्ये फाइल आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात. नव्याने टाकताना सी ड्राइव्ह पुसला जातो. दुरुस्तीवाला यातलं काय करणार आहे, हे आधीच विचारा.
• किल्ली लिहून ठेवा. नव्याने टाकलेलं विंडोज 11 डिस्कला आपोआप कुलूप लावू शकतं. त्याची 'रिकव्हरी की' मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. खातं दुरुस्तीवाल्याच्या ईमेलवर उघडू देऊ नका.
• दहा दिवस ध्यानात ठेवा. अपग्रेड पसंत पडलं नाही तर 10 दिवसांत सेटिंग्जमधल्या 'रिकव्हरी'तून विंडोज 10 वर परत जाता येतं. म्हणून पहिल्या दोन दिवसांतच यादीतलं प्रत्येक काम करून पाहा.

मग ठरवायचं कसं?

समजा, एका दुकानात दोन संगणक आहेत. एक 2014 चा, त्यावर पेजमेकर आणि जुने फॉन्ट. दुसरा 2019 चा, त्यावर ऑनलाइन फॉर्म, अंगठ्याचं यंत्र आणि बँकेची कामं. बहुतेक वेळा मालक दोन्हींसाठी एकच निर्णय घेतो : दोन्ही बदलू किंवा दोन्ही राहू देऊ.

इथे दोन निर्णय घेतले तर खर्चही वाचतो आणि कामही थांबत नाही. 2019 चा संगणक पात्र असेल तर बॅकअप घेऊन तो विंडोज 11 वर न्यायचा, कारण लोकांची माहिती आणि पैसे त्यातून जातात. 2014 चा संगणक नेटपासून तोडून फक्त पत्रिकांसाठी ठेवायचा आणि नवी कामं हळूहळू युनिकोडमध्ये सुरू करायची. एकच संगणक असेल आणि तो पात्र नसेल, तर आजच ईएसयूची नोंदणी करायची आणि मिळालेल्या वेळात नव्या यंत्राची तजवीज करायची.

ईएसयूची मुदत 13 ऑक्टोबर 2026 रोजी संपते, तेव्हा नवरात्र सुरू झालेली असेल आणि दिवाळीच्या कामांची गर्दी तोंडावर असेल. त्या आठवड्यात कुठलाच दुकानदार संगणक बंद ठेवू शकणार नाही. म्हणून कामांची यादी आणि बॅकअप, या दोन गोष्टी दुकानात गर्दी नसलेल्या एखाद्या दुपारीच उरकून घ्या.