गलतीकरांस पत्र

गलतीकरांस पत्र हे बायबलच्या नव्या करारातील एक पत्र आहे. प्रेषित पौलाने ते आशिया मायनरमधील गलतिया प्रांतातील (आजचे मध्य तुर्कस्तान) ख्रिस्ती मंडळ्यांना ग्रीक भाषेत लिहिले. ६ अध्यायांच्या या पत्राचा काळ साधारणपणे इ.स. ४८ ते ५५ असा मानला जातो. देवाची कृपा आणि त्या कृपेतून लाभणारे स्वातंत्र्य हा त्याचा मुख्य विषय होय.

पार्श्वभूमी

येशूचे पहिले अनुयायी यहुदी होते. सुंता, शब्बाथ व आहाराचे नियम या त्यांच्या दृष्टीने देवाने इस्राएलाशी केलेल्या कराराच्या खुणा होत्या. पुढे यहुदीतर लोक मंडळीत येऊ लागले, तेव्हा त्यांनीही सुंता करून मोशेचे नियमशास्त्र पाळावे काय, असा प्रश्न उभा राहिला. पौलाच्या मते त्याची आवश्यकता नव्हती. मात्र तो गलतियातून गेल्यावर इतर काही प्रचारकांनी तेथील विश्वासणाऱ्यांना सुंतेचा आग्रह धरला. हे पत्र म्हणजे त्या आग्रहाला दिलेले उत्तर आहे. पौलाच्या पत्रांत आरंभी सहसा आढळणारे आभारप्रदर्शन यात नाही.

यरुशलेम आणि अंत्युखिया

दुसऱ्या अध्यायात पौल दोन प्रसंग सांगतो. बर्णबा व तीत यांच्यासह तो यरुशलेमला गेला असता ग्रीक असलेल्या तीतावर सुंतेची सक्ती झाली नाही. याकोब, पेत्र (केफा) व योहान यांनी पौल व बर्णबा यांच्याशी हात मिळवून सहभागितेची खूण दिली आणि गरिबांची आठवण ठेवण्यास सांगितले.

दुसरा प्रसंग अंत्युखियाचा. तेथे पेत्र यहुदीतरांच्या पंक्तीला बसून जेवत असे. परंतु याकोबाकडून काही माणसे आल्यावर तो मागे सरला. इतर यहुदी विश्वासणारे आणि बर्णबाही त्याच्यामागे गेले. पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष विरोध केला. यहुदीतरांना वेगळ्या पंक्तीत बसवणे म्हणजे केवळ विश्वास पुरेसा नाही असे सुचवणे होय, हा त्याच्या आक्षेपाचा आशय होता. या वादाचा शेवट काय झाला, हे पत्रात सांगितलेले नाही.

कृपा आणि स्वातंत्र्य

‘कृपा’ यासाठी मूळ ग्रीक शब्द ‘खारिस’ असा असून त्याचा अर्थ अनुग्रह किंवा देणगी असा होतो. मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे, तर ख्रिस्तावरील विश्वासाने नीतिमान ठरतो, असे पौल प्रतिपादतो. आधारासाठी तो अब्राहामाचे उदाहरण देतो. अब्राहामाला वचन मिळाले ते नियमशास्त्राच्या कितीतरी आधी. नियमशास्त्राची तुलना तो धन्याच्या मुलावर देखरेख करणाऱ्या दासाशी करतो. मूल सज्ञान झाले की त्या दासाचे काम संपते.

यामुळे यहुदी व ग्रीक, दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री हे भेद ख्रिस्तात उरत नाहीत, असा निष्कर्ष तो काढतो. तथापि स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे. प्रीतीने एकमेकांची सेवा करणे व एकमेकांची ओझी वाहणे, असा त्याचा अर्थ पाचव्या व सहाव्या अध्यायांत स्पष्ट केला आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी पौलाने पुढे वर्गणी गोळा केली. त्याविषयी त्याने गलतियातील मंडळ्यांनाही सूचना दिल्या होत्या, असे करिंथकरांस पहिल्या पत्रावरून दिसते.

नंतरचे विवेचन

अंत्युखियातील वाद हा दोघांनी ठरवून केलेला देखावा होता, असे जेरोमने मानले. ऑगस्टीनने ते अमान्य केले. १६ व्या शतकात मार्टिन ल्यूथरच्या विचारांत या पत्राला मध्यवर्ती स्थान मिळाले. यहुदी धर्म म्हणजे कर्मांनी तारण मिळवण्याचा धर्म, ही समजूतही त्यानंतर दृढ झाली. ई. पी. सँडर्स यांनी १९७७ मधील ग्रंथात तिला आव्हान दिले. यहुदी परंपरेतही निवड प्रथम देवाच्या कृपेने होते आणि नियमपालन हा तिला दिलेला प्रतिसाद असतो, असे त्यांनी दाखवले. त्यानंतर पौलाचा आक्षेप यहुदी धर्मावर होता की यहुदीतरांना दूर ठेवणाऱ्या सीमारेषांवर, या प्रश्नावर अभ्यासकांत चर्चा चालू आहे.