राजा, कायदा आणि तिजोरी

राजा म्हटला कीं मुलांच्या डोळ्यांपुढें सिंहासन, छत्रचामरें आणि हत्तीवरची अंबारी उभी राहते. आटपाट नगरांतला राजा सकाळीं उठून मनास येईल तो हुकूम सोडतो व सायंकाळपर्यंत तो अमलांत येतो. असे राजे केवळ कहाण्यांतच उरले आहेत, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु आजही पृथ्वीवर चाळिसांहून अधिक देशांच्या शिरोभागीं राजा, सुलतान किंवा अमीर आहे. त्यांपैकीं पंधरा देशांचा तर राजा एकच, इंग्लंडचा तिसरा चार्लस. मात्र या सर्व देशांचा कारभार एकाच तऱ्हेनें चालतो असें कोणीं समजूं नये. राज्य खरोखर कोणाचें हें जाणावयाचें असेल, तर मुकुटाकडे न पाहतां कायदा कोण करतो व तिजोरीची किल्ली कोणापाशीं आहे, हें पाहावें.

आपल्या सडक अर्जुनीच्या नांवांतच सडक आहे. ही सडक पश्चिमेस नागपुरास व पूर्वेस राजनांदगांवास जाते, आणि या दोन्ही ठिकाणीं एके काळीं राजगाद्या होत्या. नांदगांवास बैरागी महंतांचें राज्य होतें. तेथें आरंभीं पुत्र नव्हे तर शिष्य गादीवर येत असे. तें लहानसें संस्थान १९४८ पर्यंत टिकलें. नागपूरकर भोसल्यांचें राज्य त्याहून कितीतरी मोठें. वैनगंगेचें हें खोरें व पलीकडील छत्तीसगड त्यांतच मोडत असे. तें मात्र त्याच्या जवळजवळ शंभर वर्षें आधींच बुडालें.

तें बुडालें तें लढाईंत नव्हे. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजीं निपुत्रिक वारले. राण्यांनीं दत्तकाचा हक्क सांगितला. गव्हर्नर जनरल डलहौसीनें तो मानला नाहीं व १८५४ सालीं राज्य खालसा केलें. राजवाड्यांतील हत्ती, घोडे व जडजवाहीर लिलावांत निघालें. डलहौसीच्या लोभास दोष द्यावा तितका थोडाच आहे. तरी त्यांत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. धान पिकविणाऱ्या व तलाव बांधणाऱ्या या मुलखांतील रयतेस, ‘तुम्हांस कोणाचें राज्य हवें?’ असें कोणींच विचारलें नाहीं, कारण विचारावें अशी सभा किंवा पंचायत त्या राज्यांत नव्हतीच. राज्य म्हणजे राजाचा देह, आणि तो देह पडतांच राज्यही पडलें.

इंग्लंडांत ही अवस्था पालटण्यास फार रक्त सांडावें लागलें. १६४९ सालीं तेथील लोकांनीं आपल्या पहिल्या चार्लस राजाचा शिरच्छेद केला. पुढें १६८९ सालीं असें ठरलें कीं, पार्लमेंटच्या संमतीवांचून राजास कर बसवितां येणार नाहीं. तिजोरी हातची गेल्यावर बाकीची सत्ता हळूहळू तिच्या मागून गेली. पार्लमेंटनें मंजूर केलेल्या कायद्यास १७०८ सालीं ॲन राणीनें संमति नाकारली, त्यानंतर आजतागायत कोणाही राजानें तसें केलेलें नाहीं. जपानच्या १९४७ च्या राज्यघटनेनें बादशहास राष्ट्राचें केवळ प्रतीक ठरविलें. स्वीडनच्या राजाकडे तर मुख्य प्रधान नेमण्याचा देखावाही उरला नाहीं. त्याचें नांव संसदेचा सभापति सुचवितो.

याच्या अगदीं उलट टोकास सौदी अरेबिया, ब्रुनेई व आफ्रिकेंतील एस्वातिनी हीं राज्यें आहेत. ब्रुनेईचा सुलतान स्वतःच मुख्य प्रधानही असल्यामुळें, मुख्य प्रधानास जाब कोणीं विचारावा हा प्रश्न तेथें निघतच नाहीं. या दोहोंच्या मधलीं राज्यें समजण्यास सर्वांत अवघड. त्यांत निवडणुका होतात, सभा भरते, भाषणें होतात. पण राजाची मर्जी फिरली म्हणजे सभेस टाळें लागतें. कुवेतच्या अमीरानें २०२४ सालीं तेथील सभा विसर्जित करून घटनेचीं कांहीं कलमें चार वर्षांपर्यंत तहकूब ठेविलीं. अशा ठिकाणीं लोकांचे हक्क म्हणजे उसनें आणलेलें भांडें. धनी मागेल तेव्हां परत द्यावें लागतें.

मग राजा आपण होऊन, कोणीं तलवार न उपसतां, आपले हात कायद्यानें बांधून घेईल काय? असें आपल्या महाराष्ट्रांत घडलें आहे, आणि तें फारच थोड्यांस ठाऊक आहे याचें नवल वाटतें.

औंध हें सातारच्या बाजूचें एक संस्थान होतें. त्यांत अवघीं ७२ गांवें, आणि तींही एकत्र नसून सातारा, सांगली व विजापूर या भागांत विखुरलेलीं. तेथील राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार असून सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते होते. १९३५ सालीं इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपदही त्यांनीं भूषविलें. लक्ष्मणराव किर्लोस्करांस कारखान्याकरितां माळरान याच राजांनीं दिलें. असा गुणी व प्रजेवर माया करणारा राजा असतां कारभार बदलण्याचें कारणच काय, असें कोणी म्हणेल. पण चांगल्या राजाच्या मागून चांगलाच राजा येईल, असा जामीन कोण राहणार?

१९३८ च्या अखेरीस बाळासाहेबांनीं कारभार प्रजेच्या हातीं सोंपविण्याचें जाहीर केलें. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब हे विलायतेंत शिकून आलेले. त्यांनीं व मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनियरानें आपल्या विदर्भांतील सेवाग्रामास येऊन महात्मा गांधींचा सल्ला घेतला. २१ जानेवारी १९३९ रोजीं नवी घटना अमलांत आली. तिची मांडणी वरून खालीं नसून खालून वर होती. प्रत्येक गांवानें आपली पंचायत निवडावी, पंचायतींच्या प्रमुखांची तालुका समिति व्हावी, आणि तिच्यांतून संस्थानच्या कायदेमंडळांत सभासद जावेत. वसूल कसा खर्चावा हें गांवकऱ्यांनीं चावडीवर बसून बोलावें. लहानसहान तंट्यांचा निवाडाही गांवांतच व्हावा. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नांवाची वसाहत वसली. तींत शिक्षा झालेले कैदी बेड्यांवांचून राहून शेती करीत. पुढें व्ही. शांताराम यांनीं १९५७ सालीं ‘दो आंखें बारह हाथ’ हा बोलपट काढला, त्याचें मूळ याच वसाहतींत आहे.

या प्रयोगाच्या मर्यादाही सांगितल्याच पाहिजेत. औंधच्या माथ्यावर इंग्रजांची सार्वभौम सत्ता होतीच, आणि राज्य एका दिवसाच्या पायवाटेएवढें. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या मुजरा करण्यांत वाकलेली मान एका सनदेनें ताठ होत नाहीं. तरी ज्या शेतकऱ्यास कालपर्यंत मामलेदारापुढें उभें राहण्याचें भय वाटे, तो आज पंच होऊन विहिरीचा, शाळेचा व रस्त्याचा हिशेब मागूं लागला, ही गोष्ट लहान नव्हे. ८ मार्च १९४८ रोजीं औंध मुंबई प्रांतांत विलीन झालें. तेव्हां रयतेस आपल्या कारभाराची नऊ वर्षांची संवय झाली होती.

पुढें आप्पासाहेब स्वतंत्र हिंदुस्थानचे वकील म्हणून देशोदेशीं राहिले. १९५५ पासून कांहीं वर्षें ते गंगटोक येथें असतांना भूतानशीं येणारा संबंधही त्यांच्याच हातीं होता. हा योगायोग मोठा विलक्षण, कारण औंधासारखीच गोष्ट पुढें भूतानांत अधिक मोठ्या प्रमाणावर घडली. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनीं १९९८ सालीं कारभार मंत्रिमंडळाकडे दिला व २००६ सालीं मुलास गादी देऊन आपण बाजूस झाले. लोकांस मत देण्याचा सराव नाहीं म्हणून २००७ सालीं तेथें खोटी निवडणूक घेण्यांत आली. तींत निळा, हिरवा, तांबडा व पिंवळा असे केवळ रंगांचे पक्ष होते. राजघराण्याचा रंग पिंवळा, तेव्हां लोकांनीं कोणास निवडलें असेल तें सांगावयास नकोच! १९९० च्या सुमारास याच देशांतून नेपाळी बोलणाऱ्या सुमारें एक लाख लोकांस बाहेर पडावें लागलें होतें, हेंही विसरतां येत नाहीं. कायद्याच्या छायेंत कोणास घ्यावें हा प्रश्न राजाच्या औदार्यानें सुटत नाहीं.

खरी निवडणूक २००८ सालीं झाली, आणि त्याच वर्षीं १८ जुलै रोजीं घटनेवर सह्या झाल्या. त्या घटनेप्रमाणें भूतानच्या राजानें वयाच्या पासष्टाव्या वर्षीं गादी सोडलीच पाहिजे. त्यानें घटना जाणूनबुजून मोडली, तर संसदेच्या तीन चतुर्थांश सभासदांस तसा ठराव करून तो सर्व प्रजेच्या मतास टाकतां येतो, आणि प्रजेनें कौल दिला म्हणजे राजास उतरावें लागतें.