हिरवे लेबल आणि आपला ऊस



गेल्या मे महिन्यात थोरल्या बहिणीकडे कार्य होते, म्हणून तुळिंजला जाणे झाले. तुळिंज म्हणजे नालासोपारा पूर्व, वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीतले. पूर्वी गाव होते, आता इमारतीला इमारत लागलेली. भाचा तिथे केटरिंगचा धंदा करतो. जेवणाच्या वेळी त्याने मातकट पांढरे ताट हातात दिले आणि म्हणाला, "मामा, बघा, तुमच्या उसाचं ताट आहे हे!" ताट खरोखरच बगॅसचे होते. ज्याला आपण बॉयलरमध्ये जाळतो, त्याच्यावर मी वरण-भात जेवलो. मनाला बरे वाटले, खोटे कशाला सांगू.

ताटाच्या पुड्यावर हिरवे पान छापलेले होते आणि खाली लिहिले होते 'इको-फ्रेंडली'. माल पर्यावरणाला बाधत नाही असे सांगून तो विकणे, याला हरित विपणन म्हणतात. शब्द जड आहे, पण त्याच्याशी आपला संबंध रोजचा झाला आहे. सेंद्रिय गूळ, इथेनॉलमिश्रित पेट्रोल, बगॅसची वीज आणि हे ताट, या सगळ्यांची जाहिरात हिरव्या रंगात होते आणि सगळ्यांच्या मुळाशी आपला ऊस आहे.

ही ताटे एकाएकी आली नाहीत. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरात नाले तुंबले, त्याचा दोष प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर आला आणि २००६ मध्ये राज्याने पिशव्यांसाठी नियम केले. पुढे २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात प्लॅस्टिक पिशव्या, थर्माकोलची ताटे, वाट्या यांवर बंदीची अधिसूचना निघाली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या कित्येक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. कायद्याने जागा रिकामी केली आणि धंदेवाल्याने ती भरली. भाचा म्हणतो, हे ताट थर्माकोलच्या दुपटीहून महाग पडते, पण गिऱ्हाईक कुरकुर करत नाही. उलट दरपत्रकात 'उसाची ताटे' असे लिहिले की मोठ्या सोसायट्यांतली कामे मिळतात.

यात आपला फायदा काय? शंभर किलो उसापासून सुमारे २८ ते ३० किलो बगॅस निघते, त्यात निम्मे पाणी. बहुतेक बगॅस वाफ आणि वीज करण्यात जाते. उरलेल्याला कागद गिरणीचे गिऱ्हाईक होतेच, आता ताटवाल्याचेही झाले. राज्याच्या २०१३ च्या ऊसदर कायद्याप्रमाणे साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड हे उपपदार्थ धरून होणाऱ्या उत्पन्नाच्या ७० टक्के वाटा उसाच्या दरासाठी धरण्याचे सूत्र आहे. म्हणजे शहरातल्या बाईने दुकानात कोणते ताट उचलले, याचा धागा फिरून आपल्या ऊसबिलापर्यंत येऊ शकतो. म्हणून हा विषय शहराचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

आता ताटाची दुसरी बाजू. जेवणे झाल्यावर मी भाच्याला विचारले, ही ताटे जातात कुठे? तो हसला. उष्टे, पाण्याच्या बाटल्या, ताटे, सगळे एका पिशवीत, पिशवी गाडीत, आणि गाडी गोखिवऱ्याच्या कचराभूमीवर. बगॅसचे ताट कुजते हे खरे, पण त्याला हवा, ओल आणि खताचा खड्डा लागतो. तेच ताट कचऱ्याच्या डोंगराखाली हवेविना दाबले गेले तर त्यातून मिथेन वायू निघतो, जो वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या कित्येक पट जोरदार आहे. म्हणजे मालात खोट नाही, पण पुड्यावरचे वाक्य अर्धेच खरे.

काही पुड्यांत तर मालातच खोट असते. भाच्याकडे दोन कंपन्यांची ताटे होती. एक फाडले तर नुसता लगदा. दुसरे फाडले तर आतल्या बाजूने पातळ चकचकीत पापुद्रा निघाला. तो प्लॅस्टिकचा. वर मात्र तेच हिरवे पान! असे लेप असलेल्या वस्तूंवरही राज्याने २०२२ च्या जुलैत बंदी आणली. शिवाय तेल झिरपू नये म्हणून काही ठिकाणी लगद्यात फ्लोरिनयुक्त रसायने घालतात, ती तर डोळ्यांना दिसतही नाहीत आणि मातीत जन्मभर राहतात.

बहीण हे सगळे ऐकत होती. ती म्हणाली, "आमच्या लग्नाला पळसाच्या पत्रावळी होत्या, आदिवासी बाया डोक्यावरून आणायच्या. केळीची पानं वसईच्या वाड्यांतून यायची. तेव्हा कुणी पान छापलं नव्हतं त्याच्यावर." मला उत्तर सुचले नाही.

वरवर हिरवा रंग फासण्याला इंग्रजीत 'ग्रीनवॉश' म्हणतात. जे वेस्टरवेल्ड या अमेरिकन माणसाने १९८६ मध्ये हा शब्द वापरला. हॉटेले पाहुण्यांना सांगत, पृथ्वी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा. वाचत होता तो मुख्यतः हॉटेलचा धुण्याचा खर्च! २०१५ मध्ये फोक्सवॅगन या बड्या मोटार कंपनीचे बिंग फुटले. 'स्वच्छ डिझेल' म्हणून विकलेल्या गाड्यांत असा प्रोग्रॅम होता की तपासणीत धूर कमी दिसावा. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात सापडल्या. अशा प्रकारांचा खरा तोटा प्रामाणिक मालाला होतो. एकदा फसलेले गिऱ्हाईक पुढच्या खऱ्या लेबलावरही विश्वास ठेवत नाही.

आपल्या सरकारने १९९१ मध्ये मडक्याचे चिन्ह असलेली 'इकोमार्क' योजना काढली होती, पण कारखानदारांनी ती फारशी घेतली नाही. २०२४ मध्ये तिचे नवे नियम आले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या. 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली', 'ऑरगॅनिक' असे नुसते मोघम शब्द आता चालत नाहीत. दावा कशाबद्दल आहे आणि पुरावा काय, हे द्यावे लागते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

हे सांगण्याचे कारण आता लिहितो. आपल्या गटातले एक सभासद गुऱ्हाळ चालवतात. (नोंदीचा ऊस गुऱ्हाळाला घालू नये, हा वेगळा विषय. त्यांचा तो ऊस बिगरनोंदीचा होता, मी स्वतः खात्री केली.) त्यांनी 'शंभर टक्के सेंद्रिय गूळ' अशी पाच हजार वेष्टने छापून आणली आणि माझ्याकडे दाखल्यावर सही मागायला आले. त्या फडाला यंदा युरिया पडल्याचे मला ठाऊक. मी सही दिली नाही. "साहेब, सगळेच लिहितात" म्हणाले, आणि चहा न घेता उठून गेले.

सही न देण्यामागे माझा जुना चटकाही होता. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका विक्रेत्याच्या 'जैविक टॉनिक'च्या बाटल्यांची मी गावोगाव सभांत शिफारस केली. रंगीत पत्रक होते, दाखला आहे असे तो म्हणाला, तो दाखला मी मागून पाहिला नाही. माझ्या शब्दावर पुष्कळ सभासदांनी पैसे घातले. उसाला काही फरक पडला नाही. आजही एखादा म्हातारा सभासद बांधावर भेटला की विचारतो, "काय साहेब, बाटली आणलीय का?"

गुळाबाबत वस्तुस्थिती अशी आहे. सेंद्रिय म्हणून विकायचे तर जमीन दोन-तीन वर्षे रासायनिक खत-औषधांपासून मोकळी ठेवून प्रमाणीकरण घ्यावे लागते, मगच सेंद्रिय मालाचे अधिकृत चिन्ह लावता येते. पण सेंद्रिय नसलेल्या उसाच्या गुळाबद्दलही खरे सांगण्यासारखे काही असू शकते. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून कढईत हायड्रॉस टाकतात. आमचे हे सभासद ते टाकत नाहीत, रस रानभेंडीच्या चिकाने निवळतात. त्यामुळे त्यांचा गूळ तांबूस-काळपट येतो आणि बाजारात मार खातो. गिऱ्हाईकाला रंग का काळा हे सांगितले, तर तोच काळा रंग विकला जाईल.

कारखान्याच्या बाबतीतही तेच. इथेनॉलमुळे कच्चे तेल कमी आणावे लागते हे खरे. पण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, तेव्हा गाडीवाला मायलेजबद्दल विचारणार. आणि उद्या साखर, इथेनॉल, ताट घेणारा मोठा व्यापारी विचारणार, तुमच्या उसाला पाणी किती? पाचट जाळता का? परवा गटात फिरताना एकाच शिवारात चार ठिकाणी काळे रान दिसले. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते, ते काडी लावून घालवायचे आणि मग सेंद्रिय खताची बाटली विकत घ्यायची, याला काय म्हणावे? तुटून गेल्यावर पाचट सरीत दाबा. त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्या. खोडव्याला ओल टिकते आणि तण दबते.

ते गुऱ्हाळवाले सभासद गेल्या आठवड्यात पुन्हा गट ऑफिसला आले. जुनी वेष्टने माळ्यावर टाकली म्हणाले. नव्यावर काय छापायचे ते आम्ही दोघांनी बसून लिहिले: 'हायड्रॉस न वापरता, रानभेंडीने निवळलेला गूळ. रंग मूळचा.' पाचशेच छापणार आहेत. पहिल्या पन्नास ढेपा तुळिंजला भाच्याकडे जाणार आहेत.