पडद्यावरचे विमान आणि आभाळातले विमान

गेल्या पावसाळ्यात चिंचोटीच्या आमच्या घरी रोज रात्री एक विमान उतरायचे. ईशाची नमाज आटोपली की आमचा भाचा संगणकापुढे बसायचा. हातात जॉयस्टिक, कानाला हेडफोन, पडद्यावर मुंबईची धावपट्टी. बाहेर तुंगारेश्वरच्या डोंगरावर पाऊस कोसळत असायचा, महामार्गावर कंटेनरची रांग लागलेली असायची, आणि आत साहेब विमान अलगद टेकवायचे. एकदा म्हणाला, "मामू, विमान तर मला चालवता येतंच. फक्त लायसन्स काढायचं राहिलंय."

आम्ही हसलो. पण महिन्याभरात एका क्लासचे माहितीपत्रक घरात आले आणि हसू मावळले. सिम्युलेटरवर भरपूर तास 'उड्डाण' करा, पायलट होणे सोपे जाईल, असे तोंडी आश्वासन होते. पहिला हप्ता दोन लाखांचा. आपाने बांगड्या मोडायची तयारी केली होती. पैसे भरण्याआधी सिम्युलेटर म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे आम्ही ठरवले.

हे यंत्र जुने आहे. अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ साली ते बनवले. वडिलांचा ऑर्गन वाद्ये बनवण्याचा कारखाना होता. त्याच वाद्यांच्या भात्यांवर त्यांनी डोलणारी पेटी बसवली. १९३४ साली टपाल नेणारे लष्करी वैमानिक खराब हवामानात दगावू लागले, तेव्हा अमेरिकन लष्कराने अशा सहा पेट्या घेतल्या. ढगात बाहेरचे काही दिसत नसताना काट्यांवर विश्वास ठेवून उडायचे, हे त्या पेटीने शिकवले.

आज विमान कंपन्यांचे सिम्युलेटर सहा पायांवर हलणाऱ्या खोलीएवढे असतात. आत खरा कॉकपिट असतो. विमान धावपट्टीवर वेग घेते तेव्हा ही खोली हळूच मागे कलते. पडद्यावर सारे सपाट दिसते, म्हणून कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला वाटते, आपण पुढे ढकलले जात आहोत. शरीराची ही चक्क फसवणूक, पण कामाची. उड्डाणाच्या ऐन क्षणी इंजिन बंद पडले तर काय करायचे, याचा सराव प्रवाशांना घेऊन करता येत नाही. तो इथेच होतो. म्हणून मुरलेल्या वैमानिकांनाही ठरावीक मुदतीने सिम्युलेटरमध्ये परीक्षा द्यावी लागते.

फसवणुकीला मर्यादाही आहे. खऱ्या विमानात ६० अंश कलून, उंची कायम राखत वळण घेतले, तर शरीर दुप्पट जड होते; हात उचलणेही अवघड वाटते. जागच्या जागी हलणारी खोली हा भार टिकवून ठेवू शकत नाही. घरच्या संगणकावर तर खुर्चीही हलत नाही. वाऱ्याचा धक्का, पोटात पडणारा खड्डा, घामेजलेले हात यांतले काहीच नाही. आणि तिथे थांबवायचे बटण असते.

सगळ्यात मोठा फरक मनाचा. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्षी आदळून एका विमानाची दोन्ही इंजिने निकामी झाली. वैमानिकाने ते हडसन नदीत उतरवले. १५५ जण वाचले. पुढे चौकशीत तोच प्रसंग सिम्युलेटरवर उभा केला. काय होणार हे आधीच ठाऊक असलेले काही वैमानिक तत्काळ वळून विमानतळावर पोहोचले. मग माणसाला विचार करायला लागणारी ३५ सेकंदे धरली, तेव्हा विमान पोहोचले नाही. पडद्यापुढे बसलेल्याला संकट येणार हे माहीत असते. आभाळात ते न सांगता येते.

आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. सिम्युलेटरमध्ये आधी उडालेल्या विमानांची मोजमापे भरलेली असतात. जे विमान तोवर उडालेच नव्हते, त्याची मोजमापे आणायची कुठून? असे विमान धावपट्टीवर नेऊनच तपासावे लागते.

कायद्यानेही हा फरक ओळखला आहे. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. त्यात केवळ उपकरणांवर उडण्याचे किमान १० तास हवेत, आणि त्या दहांपैकी जास्तीत जास्त ५ तास मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर चालतात. घरच्या संगणकावरचा एक तासही धरला जात नाही. धुळे, बारामती, गोंदिया येथे मुले शिकतात, ती खऱ्या विमानात बसून.

तेव्हा ज्यांच्या घरी असा एखादा वैमानिक वाढतो आहे, त्यांना आमचे एवढेच सांगणे. पोराचे स्वप्न मोडू नका; सिम्युलेटरने त्याला काटे वाचायला आणि क्रम पाळायला शिकवले आहे, ते वाया जात नाही. पण आधी वैद्यकीय तपासणी करून घ्या: पहिल्यांदा क्लास टू, मग क्लास वन. त्यात अडकले तर लाखो रुपये भरून उपयोग नाही. संस्था डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते पाहा. शिकवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, "यातले किती तास परवान्यासाठी धरले जातात?" आम्ही त्या क्लासला तो विचारला. उत्तर आले नाही.

आपाच्या बांगड्या अजून कपाटात आहेत. भाच्याची क्लास टू तपासणी झाली, अल्हम्दुलिल्लाह, आणि आता तो लेखी परीक्षेची पुस्तके वाचतो आहे. रात्री विमान अजूनही उतरवतो. परवा उतरवताना चुकले आणि आपटले. आम्ही म्हटले, "थांबवायचं ना बटण दाबून!"

तो म्हणाला, "नाही मामू, तिथे बटण नसतं."